मुक्या जिवाचे ताट

‘कुत्र्याला काय घालावे?’ हा प्रश्न एका वाङ्मयीन त्रैमासिकात चर्चेला घ्यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. ज्या देशात आजही कित्येक माणसे अर्धपोटी निजतात, तेथे श्वानाच्या थाळीची चिंता वाहणे हा सुखवस्तूंचा छंद आहे, असा आक्षेपही कोणी घेईल. तो आक्षेप मी हलका मानत नाही. त्याचा परामर्श पुढे घेणारच आहे. परंतु घरभेटींच्या निमित्ताने धर्मग्रामात हिंडताना हा प्रश्न मला अनेक उंबरठ्यांवर भेटतो. सुनेचे मत एक असते, सासूचे दुसरे, आणि शाळकरी मुलाने मोबाइलवर तिसरेच काही वाचलेले असते. एकाच्या मते घरचे अन्न म्हणजे माया, दुसऱ्याच्या मते कच्चे मांस म्हणजे निसर्ग, तिसऱ्याच्या मते पुड्यातले खाद्य म्हणजे शास्त्र. ज्याच्या पोटाचा हा वाद, तो मात्र शेपूट हलवीत टेबलाखाली बसलेला असतो. त्याला मत नाही. या एकाच कारणाने हा प्रश्न नीतीचा ठरतो.

पूर्वी आपल्या वाड्यांतून असा प्रश्न कोणाला पडत नसे. राखणीचा कुत्रा अंगणात असे. उरलेली भाकरी, मासळीची डोकी, भाताचे खरवड त्याच्या वाट्याला येई. ते पुरले नाही तर तो दिवसभर हिंडून कुठे उंदीर, कुठे खेकडा, कुठे कोणाच्या परसातले काही मिळवी. त्याचे आयुष्य फार लांब नसे आणि फार सुखाचेही नसे. पण आपल्या अन्नातली उणीव भरून काढण्याची थोडीशी मोकळीक त्याला होती. आता वाड्यांच्या जागी इमारती आल्या, आणि अंगणातल्या कुत्र्याच्या जागी सोफ्यावरचा लहानगा कुत्रा आला. ज्याला आपण सरसकट पामेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असतो. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी त्याच जातीचा. पुढे पग आले, शित्झू आले. या कुत्र्यांचे दार बंद असते. आपण जे पुढे ठेवू तेवढेच त्यांचे जग. एखाद्या जिवाच्या निवडीचे सर्व मार्ग आपण बंद केले, की त्याची निवड करण्याचे ओझे आपल्या खांद्यावर येते. ते ओझे कोणी आपल्यावर लादलेले नाही. दार लावताना आपणच ते उचललेले आहे.

कुत्रा लहान असला की ते ओझे कमी होत नाही, उलट वाढते. पशुवैद्यकात एक साधा हिशेब शिकवतात. तीन किलो वजनाच्या कुत्र्याला केवळ विश्रांतीत जगण्यासाठी दिवसाला सुमारे १६० कॅलरी लागतात. तीस किलोच्या कुत्र्याला सुमारे ९००. म्हणजे वजनाच्या मानाने लहान कुत्र्याची गरज जवळजवळ पावणेदोन पट. पण त्याचे पोट मात्र मुठीएवढे. म्हणून त्याला थोडे, पण सकस लागते. लहान जातींची पिल्ले काही तास उपाशी राहिली तरी त्यांच्या रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. दुसरीकडे, चालत्या-फिरत्या प्रौढ अशा तीन किलोच्या कुत्र्याचा दिवसाचा सगळा आहार अडीचशे कॅलरींच्या आसपास असतो, आणि वरखाऊचा वाटा त्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावा असा दंडक आहे. साधी पोळी शंभर कॅलरींच्या आसपास जाते. पाव पोळी दिली की त्याचा दिवसभराचा खाऊ संपला. आपल्या दृष्टीने जो एक घास, तो त्याच्या दृष्टीने जेवणाचा मोठा भाग असतो. प्रमाणाची ही जाणीव नसेल, तर प्रेमाचा अतिरेक होतो आणि तो त्या जिवाच्या यकृताला, गुडघ्यांना आणि हृदयाला भोवतो.

आता तिन्ही मार्ग एकेक करून पाहू.

घरच्या अन्नाविषयी आपल्या मनात उपजतच आदर आहे, आणि तो अनाठायी नाही. आत काय पडले हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. अन्न ताजे असते, शिजलेले असते, त्यात पाणी असते. दात पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला किंवा आजारातून उठलेल्याला ऊन-ऊन मऊ भात आणि कोंबडीचे दोन तुकडे यांसारखे पथ्य नाही. परंतु चार दिवसांचे पथ्य आणि चार वर्षांचा आहार यांत अंतर आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असते. केवळ भात आणि बिनहाडाचे मांस यांवर वाढणाऱ्या पिल्लाचे शरीर मग स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते. हाडे ठिसूळ होतात, पाय वाकतात. दूधपोळीवर वाढलेला कुत्रा तर आपल्याकडे घरोघर दिसतो; प्रौढ झाल्यावर पुष्कळ कुत्र्यांना दूध नीट पचत नाही, हे मात्र लक्षात घेतले जात नाही. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी श्वानांसाठीच्या दोनशे घरगुती पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या या कृतींपैकी ९५ टक्के कृतींमध्ये किमान एक तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी आढळले. त्या कृती लिहिणारे काही दुष्ट नव्हते. काही कृती तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या.

याशिवाय आपल्या स्वयंपाकघरात जे माणसाला चालते ते त्या जिवाला चालतेच असे नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, बेदाणे त्याला विषसमान ठरू शकतात. नाताळच्या दिवसांत तर विशेष सावध राहावे: बेदाण्यांनी भरलेला केक आणि चरबीने माखलेले डुकराचे मांस यांचा एकेक तुकडा पाहुण्यांपैकी प्रत्येकाने कौतुकाने दिला, की सणाच्या रात्री पशुवैद्याचे दार ठोठावण्याची पाळी येते. शिजवलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या कपच्या निघतात आणि त्या आतडे फाडू शकतात.

दुसरा मार्ग कच्च्या मांसाचा. इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने १९९३ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि पुढे हा विचार जगभर पसरला. त्यामागचा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे: कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडगा चूल पेटवत नाही, म्हणून कुत्र्याला कच्चे मांस आणि हाडे द्यावीत, तेच निसर्गाला धरून होईल. येथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. एखाद्या प्राण्याचा ‘निसर्ग’ म्हणजे काय? त्याचा पूर्वज जसा होता तो, की तो आज जसा आहे तो? हजारो वर्षे कुत्रा माणसाच्या चुलीशेजारी राहिला, त्याच्या धान्यावर जगला. २०१३ साली स्वीडिश संशोधकांनी दाखवून दिले की पिष्टमय पदार्थ पचविणारे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. आपल्या भाकरीचा ठसा त्याच्या जनुकांतही उमटला आहे. माणसाचा सहवास हाच त्याचा स्वभाव बनला. तेव्हा पामेरियनच्या ठिकाणी लांडगा पाहणे म्हणजे जो समोर आहे त्याला न पाहणे होय.

शिवाय कच्च्या मांसाचा प्रश्न एकट्या कुत्र्यापुरता उरत नाही. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि ई. कोलाय यांसारखे जंतू असू शकतात. मांस गोठवल्याने ते खात्रीने मरत नाहीत. कुत्रा स्वतः निरोगी दिसतो. पण त्याच्या विष्ठेतून, लाळेतून, भांड्यातून ते जंतू रांगणाऱ्या बाळापर्यंत, मधुमेही आजोबांपर्यंत, गरोदर सुनेपर्यंत पोहोचू शकतात. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ साली असे अन्न न देण्याचा सल्ला धोरण म्हणूनच स्वीकारला. आपल्या दमट हवेत आणि एकाच ओट्यावर सर्वांचा स्वयंपाक होणाऱ्या घरात तो सल्ला अधिकच लागू पडतो. लहान कुत्र्याच्या बाबतीत घशात हाड अडकण्याचे आणि दात तुटण्याचे भय वेगळेच. तथापि, या पंथाच्या लोकांची एक गोष्ट खरी आहे: कारखान्यातून आले म्हणून ते उत्तम, असे मानायला ते तयार नाहीत. हा संशय निरोगी आहे.

तिसरा मार्ग बाजारी खाद्याचा. त्याची सुरुवात १८६० च्या सुमारास लंडनमध्ये झाली. जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थाने गहू, भाज्या आणि मांसाचा अंश मिसळून कुत्र्यांसाठी बिस्किटे विकायला काढली. पुढे १९५० च्या दशकात यंत्राच्या दाबाखाली शिजवून फुगवलेले कोरडे दाणे निघाले आणि आजचा पुडा जन्माला आला. चांगल्या खाद्याचा मोठा गुण असा की त्यात कॅल्शियम, जस्त, आयोडीन, जीवनसत्त्वे यांचे प्रमाण मोजून घातलेले असते. आणि घाईच्या दिवशीही ते चुकत नाही. लहान जातींसाठी बारीक दाणा आणि दाट पोषण असलेले प्रकारही मिळतात. पण पुडाही निर्दोष नाही. २००७ साली उत्तर अमेरिकेत मेलामाइन या रसायनाची भेसळ झालेल्या खाद्याने अनेक कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि लाखो डबे-पुडे परत घ्यावे लागले. ‘धान्यविरहित’ म्हणून गौरविलेल्या, वाटाणे-मसुरांनी भरलेल्या काही खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध आहे काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली जाहीर केली. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, पण ‘धान्यविरहित म्हणजे श्रेष्ठ’ हा समज मात्र डळमळला.

म्हणून पुड्यावरचे चित्र पाहू नये, मागची बारीक अक्षरे वाचावीत. ते खाद्य ‘संपूर्ण व संतुलित’ आहे की केवळ पूरक, कोणत्या वयासाठी आहे, मुदत केव्हा संपते, हे पाहावे. दुकानात गोणीतून सुटे विकले जाणारे खाद्य घेऊ नये. त्याला ना तारीख असते ना नाव. पावसाळ्यात उघडा पुडा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, कारण बुरशीचे विष डोळ्यांना दिसेलच असे नाही.

वाचकहो, तिन्ही मार्ग नीट न्याहाळले की एक गोष्ट ध्यानात येते. आपण बहुधा कुत्र्याकडे पाहून निवड करीत नाही, स्वतःकडे पाहून करतो. घरचे अन्न देताना आपल्या हाताला चव आहे आणि हृदयात माया आहे, हे आपल्याला अनुभवायचे असते. कच्चे मांस देताना यांत्रिक जगाला कंटाळलेल्या आपल्या मनाला रानाची ओढ लागलेली असते. पुडा फोडताना आपल्याला वेळ वाचवायचा असतो, किंवा महागडा पुडा घेतल्याने कर्तव्य पार पडल्याचे समाधान हवे असते. या भावना वाईट नाहीत. पण त्या आपल्या भावना आहेत; त्या जिवाच्या गरजा नव्हेत.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला सद्गुणांचा सारथी मानले. विवेक म्हणजे सर्वसाधारण तत्त्व जाणणे एवढेच नव्हे; समोरच्या विशिष्ट गोष्टीचे ज्ञान घेऊन योग्य कृती ठरविणे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या कुत्र्याचे वजन किती? वय किती? त्याच्या फासळ्या बोटांना हलकेच लागतात की चरबीखाली दडल्या आहेत? दात कसे आहेत? शौचास कसे होते? हे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या मानाने क्षुल्लक वाटतील. पण प्रेम जेव्हा कृतीत उतरते तेव्हा त्याला असल्याच प्रश्नांतून जावे लागते. संत नामदेवांची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कुत्रा पोळी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. आपण या कथेतील करुणेचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण त्या करुणेला डोळे होते, इकडे आपले लक्ष जात नाही. पोळी कोरडी आहे, हे नामदेवांनी पाहिले. समोरच्याला नेमके काय कमी आहे ते पाहणे, हे त्या धावण्याच्याही आधीचे कृत्य. आज सोफ्यावर बसलेल्या स्थूल पामेरियनला तुपाची वाटी देणारा मनुष्य नामदेवांचे अनुकरण करीत नाही. त्याने वाटी उचलली, दृष्टी मात्र उचलली नाही.

तेव्हा माझे मत स्पष्टपणे सांगतो. बहुतेक कुटुंबांसाठी वयाला साजेसे, संपूर्ण व संतुलित असे साधे बाजारी खाद्य, मोजून आणि वेळेवर, हा सुरक्षित मार्ग आहे. ज्यांना घरचेच अन्न द्यावयाचे आहे त्यांनी पशुवैद्याकडून पाककृती लिहून घ्यावी, तराजूने मोजावी आणि आपल्या मनाने त्यात बदल करू नये. अंड्याच्या कवचाची पूडसुद्धा औषधासारखी मोजूनच घालावी. हे कष्ट झेपत असतील तर घरचे अन्न उत्तम. झेपत नसतील तर त्याला माया म्हणू नये. आणि घरात मूल, वृद्ध वा आजारी माणूस असेल तर कच्च्या मांसाचा प्रयोग करू नये.

आता तो आरंभीचा आक्षेप. गरिबाच्या देशात कुत्र्याच्या ताटाची चर्चा शोभते काय? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात (परिच्छेद २४१८) या प्रश्नाच्या दोन्ही बाजू शेजारी-शेजारी ठेवलेल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि माणसांचे दुःख निवारण्यासाठी आधी जो पैसा जावयास हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांतील त्या परराष्ट्रीय आईचा प्रसंग येथे आठवतो. मुलांच्या मेजावरून पडलेला चुरा कुत्रीही खातात, असे ती प्रभूला नम्रपणे म्हणते. मूळ ग्रीकमध्ये तेथे लघुत्वदर्शक शब्द आहे: लहान कुत्री, घरातली कुत्री. त्या चित्रात एक क्रम आहे आणि एक स्थानही आहे. मेजावर मुले पहिली. पण मेजाखालच्या लहानग्यालाही घरात जागा आहे. क्रम मोडला तर माणूस अन्यायी होतो, स्थान नाकारले तर निर्दय.

या क्रमाचा हिशेब आपापल्या घरी करून पाहावा. तीन किलोच्या कुत्र्याला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम कोरडे खाद्य पुरते. त्याची गरज भागविणे महाग नाही. महाग असतो आपला दिखावा. कुत्र्याच्या वाढदिवसाला खास केक येतो, चकाकत्या वेष्टनातला खाऊ येतो, त्याची छायाचित्रे नातलगांना जातात. त्याच घरी त्याची भांडी घासणाऱ्या बाईंनी मुलीच्या शाळेच्या शुल्कासाठी उचल मागितली, तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे उत्तर मिळते. कुत्र्याने तो केक मागितलेला नव्हता. बाईंनी मात्र मागणे मागितले होते. येथे कुत्र्याचे काही चुकलेले नाही. आपल्या प्रेमाचा क्रम चुकलेला आहे.

एक शेवटची गोष्ट थोड्या संकोचाने लिहितो. पुष्कळ घरांत आज म्हातारा-म्हातारी आणि एक लहान कुत्रा एवढेच कुटुंब उरले आहे. मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात. दुपारच्या जेवणाला ताटातला घास काढून हातावर धरणे आणि ओल्या नाकाचा स्पर्श तळव्याला होणे, हेच त्या दिवसाचे संभाषण असते. तो घास देऊ नका, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? तरीही सांगावे लागते. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडोर कुत्र्यांवर दीर्घकाळ चाललेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चौथा हिस्सा कमी अन्न मिळालेली कुत्री आपल्या भावंडांपेक्षा सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली, आणि त्यांचा संधिवातही उशिरा सुरू झाला. लॅब्राडोर मोठा असतो, पण बोध लहानांनाही लागू आहे. ज्याच्या सोबतीवाचून दुपार सरत नाही, त्याची सोबत आपण आपल्याच हाताने कमी करीत असतो.

त्यावर उपाय आहे, आणि तो कठोर नाही. त्याच्या दिवसभराच्या मोजलेल्या खाद्यातले दहा-बारा दाणे सकाळीच एका वाटीत बाजूला काढून ठेवावेत आणि दुपारी आपण जेवताना तेच एकेक करून हातावर द्यावेत. त्याला हाताची ऊब हवी असते; हातावर काय आहे याचा हट्ट तो फार काळ धरीत नाही. आणि परदेशी असलेल्या मुलांनी पुढच्या खेपेस फोनवर ‘टॉमी कसा आहे’ असे विचारताना, जेवण एकट्याने करणाऱ्या आपल्या आईने आज काय शिजवले होते, तेही जरूर विचारावे.